कोरडा पुठ्ठा

फोन वाजला तेव्हा माझा उजवा हात खांद्यापर्यंत म्हशीत होता. रेडकू आडवं आलं होतं, म्हैस कण्हत होती आणि माझ्या ॲप्रनच्या खिशातला फोन काही केल्या थांबेना. शेवटी म्हशीच्या मालकानंच तो बाहेर काढून माझ्या कानाला लावला. पलीकडे उद्यमनगरातल्या गॅरेजचा अल्ताफ होता. “म्याडम, चाचा गेले,” एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. दुपारचा डबा खाऊन दस्तगीरभाई, म्हणजे त्याचे चाचा, नेहमीसारखे गॅरेजमधल्या बाकावर आडवे झाले होते, चहा आला म्हणून अल्ताफ त्यांना उठवायला गेला तर... मी “बरं” म्हणाले. हातात रेडकाचा पाय आला होता, तो सोडला असता तर पुन्हा सापडला नसता. रेडकू जिवंत बाहेर आलं, चार पाय चार दिशांना टाकत उभं राहायची खटपट करायला लागलं, तेव्हा मी हौदावर गेले, साबण लावून हात धुतले आणि धुता धुता मला रडू फुटलं. ते फार वेळ टिकलं नाही. रडण्याच्या पाठोपाठ मला मोकळं वाटलं, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. जवळचा माणूस गेल्यावर असं वाटतं हे कुणाला सांगायची सोय नसते. म्हणून आता, काही आठवड्यांनी, ते लिहून टाकते आहे.

मी जनावरांची डॉक्टर. नोकरीची पहिली वर्षं चंदगडला काढली. तिथल्या पावसात छत्री, चपला आणि स्वभाव अशी तिन्ही कुजवून घेतल्यावर सरकारी नोकरी सोडली आणि कोल्हापुरात स्वतःचं काम सुरू केलं. गावोगाव फिरायला गाडी हवी होती. कुरुंदवाडच्या एका बागायतदाराकडून जुनी डिझेल जीप घेतली. ती तिथून कोल्हापूरपर्यंत आली तीच मोठी गोष्ट. उद्यमनगरात कुणीतरी दस्तगीरभाईंचं गॅरेज दाखवलं. आतून एक उंच, पोट सुटलेला, निळ्या चौकड्यांच्या लुंगीतला माणूस पाना हातात घेऊन बाहेर आला. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, माझ्या मागे कुणी पुरुष उतरतोय का ते पाहिलं आणि विचारलं, “गाडी चालवनार कोन?”

“मी.”

“मग पयला हॉर्न नीट करतो.”

“हॉर्न राहू द्या, ब्रेक बघा. बैल हॉर्नला हलत नाहीत, शिव्यांना हलतात. त्या मला येतात.”

ते एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारच्या लेथवाल्यानं मशीन बंद करून पाहिलं. त्या दिवसापासून मी ‘ताई’ झाले आणि ती जीप दुसऱ्या कुणाच्या हाताखाली गेली नाही. दस्तगीरभाई गरीब गाय वगैरे अजिबात नव्हते. आवाज मोठा, राग नाकावर आणि बढाई तर विचारू नका. त्यांची सगळ्यांत आवडती बढाई टॅपेट कव्हरची. इंजिनाच्या डोक्यावर एक पत्र्याचं झाकण असतं, ते हे टॅपेट कव्हर. झाकण आणि इंजिन यांच्या मधे बुचाचं पॅकिंग बसतं, कुकरच्या झाकणाला रिंग असते तसं. ते नीट बसलं नाही की तिथून ऑइल पाझरतं. बहुतेक गॅरेजवाले म्हणतात, जुनी गाडी आहे, थोडं गळणारच. दस्तगीरभाईंना हे वाक्य ऐकलं तरी अंगावर काटा यायचा. पॅकिंग बसवून इंजिन चांगलं गरम झालं की ते झाकणाच्या कडेखालून तर्जनी फिरवायचे आणि ती तर्जनी गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचे. “बगा. कोरडं हाय का न्हाय?” गिऱ्हाइकानं ‘हाय’ म्हटल्याशिवाय बोट खाली येत नसे.

आणि विसराळूपणा! हाताची जेवढी कीर्ती, त्याहून त्याची जास्त. त्यांचे पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर लोकांच्या बॉनेटखाली बसून निपाणीपर्यंत फिरून आलेले आहेत. गिऱ्हाइकं पुढच्या खेपेला ते परत आणून देत, आणि हे उलट त्यांच्यावरच डाफरत, “इतकं दिस कुठं ठेवलतासा?” एकदा हलीमाभाभी माहेराहून येणार म्हणून त्यांना आणायला स्टँडवर निघाले. वाटेत एक बंद पडलेला टेम्पो दिसला. उतरले, तो चालू करून दिला, ड्रायव्हरबरोबर चहा घेतला आणि समाधानानं घरी येऊन झोपले. भाभी रिक्षा करून आल्या. त्या दिवशी काय बोलल्या ते मला कधी कळलं नाही, पण पुढं कित्येक वर्षं ‘स्टँड’ हा शब्द त्या घरात जपून वापरला जाई.

माझ्या कामात त्यांना भारी रस. गाडीची ट्रायल घ्यायच्या निमित्तानं कधीकधी माझ्याबरोबर खेड्यावर यायचे. असंच एकदा रस्त्यात एका शेतकऱ्यानं हात केला. बैल कोवळ्या चाऱ्यात सुटला होता, भसाभसा खाऊन त्याचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट झालं होतं. जीभ बाहेर, श्वास कोंडलेला. नळी घालायला वेळ नव्हता. दस्तगीरभाईंना शिंगं धरायला सांगितली आणि डाव्या कुशीत ट्रोकार घातला, म्हणजे एक जाड पोकळ सुई, पोटातला वायू बाहेर काढायची. फुस्स करून जो वायू बाहेर आला त्याच्या वासानं शेतकरी मागं सरकला. दस्तगीरभाई मात्र शिंगं धरून डोळे विस्फारून बघत होते. बैलानं मोठा श्वास घेतला तसे ओरडले, “आयला! ह्येचा ब्रीदर चोकअप झालता म्हना की!” मग परतीच्या वाटेवर त्यांनी मला ब्रीदर समजावला. इंजिनाच्या पोटातही वायू साठतो, तो बाहेर जायला कुशीतून एक नळी खाली सोडलेली असते. ती तुंबली तर पोट फुगणार, आणि दार बंद असेल तर वायू भिंत फोडून जाणार. ‘डॉक्टरीनबाईंनी बैलाचा ब्रीदर खोलला’ ही गोष्ट त्यांनी पुढं इतक्या वेळा सांगितली की बैलाचा अखेर हत्ती झाला असता. मला ती गोष्ट पाठ झाली, आणि तेच बरं झालं.

दोनेक वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की दस्तगीरभाईंनी बशी सोडली. आयुष्यभर चहा बशीत ओतून फुर्र करून पिणारा माणूस ग्लासातून, तोही अर्धाच भरून, प्यायला लागला. उजवा हात थरथरत होता. मी एकदा नुसतं हाताकडे पाहिलं तर म्हणाले, “साखर कमी केलीया.” साखरेचा आणि बशीचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. डॉक्टरांनी वयाचं आहे, गोळ्या घ्या म्हणून सांगितलं होतं, असं भाभींकडून कळलं. बारीक नट हातातून सुटू लागले. पुतण्या अल्ताफ तोवर गॅरेज बघायला लागला होता. गुणी, अबोल मुलगा. तो काही न बोलता नट उचलून द्यायचा आणि दस्तगीरभाई काही न बोलता घ्यायचे.

गेल्या खंडेनवमीला नेहमीप्रमाणे जीप घेऊन गेले. त्या दिवशी गॅरेजमध्ये काम बंद. सगळी हत्यारं रॉकेलनं धुऊन बाकावर ओळीनं मांडलेली, समोरची चहावाली मावशी येऊन हळदकुंकू लावणार, हार दस्तगीरभाई स्वतः घालणार. वर्षानुवर्षं असंच. गाड्या आधी शेजारच्या रॅम्पवर धुऊन यायच्या, पंपानं, खालून-वरून. माझी जीप मात्र ते दुसऱ्याला धुऊ देत नसत. “आत पानी जातंय, ह्या पोरास्नी काय कळतंय,” म्हणत त्या दिवशीही स्वतः रॅम्पखाली शिरले. ब्रीदरची नळी तारेनं साफ केली, मग पाइप धरून अर्धा तास जीप धुतली. झेंडूचा हार घालून मला किल्ली दिली तेव्हा जीप नव्या नवरीसारखी दिसत होती आणि दस्तगीरभाई नवऱ्या मुलीच्या बापासारखे.

दसऱ्यानंतर जीप ऑइल गाळायला लागली. टॅपेट कव्हरच्या कडेतूनच. सायलेन्सरवर ऑइल जळून सगळीकडे करपट वास. अंगणातली फरशी खराब व्हायला लागली म्हणून मी औषधांच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा फाडून जीपखाली पसरला. रोज सकाळी त्यावर काळा, बशीएवढा डाग. दस्तगीरभाईंनी पॅकिंग बदललं, बोट फिरवलं, कोरडं निघालं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर डाग. पुन्हा नवं पॅकिंग, या वेळी गम लावून. डाग. तिसऱ्यांदा त्यांनी बोल्ट इतके आवळले की झाकणच जरासं वाकलं, आणि ते पाहून अल्ताफ हळूच म्हणाला, “चाचा, द्या. म्या करतो.” पोरगं वाईट बोललं नव्हतं. पण दस्तगीरभाईंनी पाना त्याच्या हातात दिला, हात पुसले आणि बाहेर खुर्चीवर जाऊन बसले. अल्ताफनं बसवलेलंही गळलंच, पण ते बघायला ते आत आले नाहीत. त्यांच्या मनानं निकाल आधीच लावला होता.

ते खुर्चीवरचे दिवस माझ्यानं बघवत नव्हते. दारात आलेलं गिऱ्हाईक “काय चाचा, बरं हाय न्हवं?” म्हणून थेट आत अल्ताफकडे जायचं. ना आरडाओरडा, ना बढाई. लुंगीवर दोन्ही हात पालथे ठेवून रस्त्याकडे बघत बसलेले. एकदा मी शेजारी बसले तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, “हात गेला माजा, ताई. आता हितनं पुढं काय... नुस्तं जेवायचं आनि बसायचं.” मी काहीतरी समजुतीचं बोलले. जनावराला भूल देता येते, माणसाला अशा वेळी काय द्यायचं ते मला आजही माहीत नाही. भाभी सांगत होत्या की घरीही बोलत नाहीत, जेवताना डावा हात पुढं करतात. मला मनापासून भीती वाटत होती, की हा माणूस असाच जाणार. आपला हात गेला असं समजून जाणार, आणि शेवटचा पुरावा म्हणून माझी जीप गळत राहणार.

दिवाळी झाल्यावर एकदा कबनूरजवळच्या एका गोठ्यावर गेले होते. ऑइल कमी झालं असणार म्हणून डबा बरोबरच ठेवत होते. बॅटरी मरतुकडी, एकदा बंद केलं तर ढकलावं लागणार, म्हणून इंजिन चालू ठेवूनच वरचं ऑइलचं टोपण फिरवलं. टोपण सैल होताच असा काही भपकारा तोंडावर आला की चष्मा तेलकट झाला. मी तशीच उभी राहिले. तो गरम झोत मला ओळखीचा होता. त्याला तेलाचा वास होता एवढंच, नाहीतर... बैल! मी टोपण लावलं आणि जीप सरळ उद्यमनगरात आणली.

“दस्तगीरभाई, हिचं पोट फुगलंय.”

“पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील. म्हातारी झालीया. अल्ताफ म्हनतोय इंजिन खोलाय लागनार.”

“ब्रीदर बघितला का?”

तेवढ्यानं मात्र ते खुर्चीवरून उठले. कित्येक दिवसांनी तो जुना आवाज ऐकला. “ब्रीदर? खंडेनवमीला म्या सोता तार घालून साफ केलाय! तुमच्या म्होरं! ब्रीदर काय बगायचा त्यात?”

“तरी बघू या.”

“तुमी बैलं बगा, ताई. ऱ्हाऊ द्या.”

मलाही राग येतो. मी ॲप्रन चढवला आणि सरळ जीपखाली आडवी झाले. अल्ताफ “म्याडम, म्याडम” करत राहिला. ती नळी इंजिनाच्या मागच्या अंगानं खाली येते, तोंड दिसत नाही, हात कसाबसा जातो. पण न दिसणाऱ्या जागी हात घालून चाचपणं, हेच तर मी जन्मभर करत आलेय. चिखल लागला, ग्रीस लागलं, मग नळीचं तोंड लागलं, आणि तोंडात काहीतरी मऊ, घट्ट. बोटाच्या टोकांत धरून मी ते हळूहळू पिळत ओढलं, म्हैस व्याल्यावर अडकलेली वार काढतात तसं. आधी बोटभर आलं, मग वीतभर, मग सगळंच सुटलं आणि माझ्या छातीवर पडलं. काळीकुट्ट, ऑइलनं निथळणारी चिंधी.

बाहेर आले आणि ती दस्तगीरभाईंच्या पुढ्यात धरली. भाभी तेवढ्यात डबा घेऊन आल्या होत्या, त्याही दारातच थांबल्या. दस्तगीरभाईंनी चिंधी घेतली, डिझेलच्या तसराळ्यात बुडवून पिळली आणि उलगडली. निळ्या चौकड्या दिसायला लागल्या.

“ही तर माजी लुंगी की,” ते पुटपुटले. मग आठवत आठवत म्हणाले, “पानी जाईल म्हनून बोळा घातलता... धुताना. काडायचा हुता.”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. म्हटलं, आता हा माणूस आणखी खचणार. पण त्यांचं पोट हलायला लागलं, खांदे हलायला लागले आणि त्यांना हसू आवरेना. खुर्चीची पाठ धरून, डोळ्यांतून पाणी येईतो हसले. “हात न्हाय गेला! ऐकलंस का गं? हात न्हाय गेला माजा. डोस्कं गेलंय!”

“ते कवा हुतं?” भाभी म्हणाल्या आणि डबा बाकावर आदळून पदर डोळ्यांना लावला.

विसरणं त्यांच्यासाठी नवीन नव्हतं. ऐन पंचविशीतही ते असंच विसरत होते, त्यानं त्यांचं काहीच वाकडं झालं नव्हतं. दोष त्या जुन्या, ओळखीच्या खोडीचा निघाला. पॅकिंगं सगळी बरोबरच बसली होती. कोंडलेला वायू त्यांना आतून ढकलत होता, त्याला ती तरी काय करणार? मला त्या क्षणी काय वाटलं ते कसं सांगू... फुगलेला बैल श्वास घेतो ना, तसा मीच घेतला.

डबा तसाच राहिला. त्यांनी अल्ताफकडे हात पुढे केला आणि अल्ताफनं पाना दिला. वाकलेलं झाकण लाकडी ठोकळ्यावर ठेवून ठोकून सरळ केलं. जुनं पॅकिंग ब्लेडनं खरवडलं, दोन्ही कडा कोरड्या फडक्यानं पुसल्या, गम नको म्हणाले. हात थरथरत होता. पूर्ण वेळ थरथरत होता, मी काही वेगळं सांगणार नाही. मनगट झाकणाच्या कडेला टेकवून, डाव्या हाताचा आधार देऊन ते एकेक बोल्ट बोटानं लावत होते. दोन-तीनदा बोल्ट घरंगळला. अल्ताफनं तो उचलून दिला, पण ‘म्या करतो’ म्हणाला नाही. मधल्या बोल्टपासून कडेकडे, एक इकडचा, एक तिकडचा, थोडं थोडं आवळत गेले. तोवर बाकावरचा चहा गार झाला. मग इंजिन चालू केलं, चांगलं तापू दिलं आणि झाकणाच्या कडेखालून तर्जनी फिरवून ती माझ्या नाकासमोर आणली. बोट हलत होतं, म्हणून मी त्यांचं मनगट धरलं आणि नीट पाहिलं.

“बगा. कोरडं हाय का न्हाय?”

“हाय,” म्हटलं.

त्यानंतर ते खुर्चीवर बसले ते फक्त चहाला. मोठी कामं अल्ताफच करत होता, पण टॅपेट कव्हर आलं की “सरक” म्हणून पुढं व्हायचे. एकेका पॅकिंगला अर्धी सकाळ जायची आणि गिऱ्हाइकाची थांबायची तयारी नसेल तर दुसरं गॅरेज दाखवायचे. बैलाची गोष्ट मागं पडली. ‘ताईंनी जीपच्या पोटातनं माजी लुंगी काडली’ ही नवी गोष्ट आली, आणि तिच्यात ती चिंधी दर महिन्याला लांब होत गेली. शेवटी शेवटी तर अख्खी लुंगी निघाली होती. अर्धा ग्लास चहा पुन्हा पुरा झाला. सांडायचा, लुंगीवर डाग पडायचे, पण आता त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. ज्या दुपारी गेले त्या सकाळीही एक टॅपेट कव्हर बसवलं होतं म्हणे. बोट दाखवलं का, हे मी अल्ताफला विचारलं. म्हणाला, “दावलं की. आनि गिऱ्हाईक फोनवर बोलत हुतं म्हनून शिव्याबी दिल्या.”

मयतीच्या दिवशी बायकांच्या गर्दीत भाभींशी बोलणं झालं नाही. मागच्या आठवड्यात निवांत गेले. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, “ताई, एक इचारू? खरं सांगायचं. माजं मन राखायचं न्हाय.”

“विचारा की.”

“तुमची जीप... ह्यांनी बसवल्यापास्नं... गळतीया व्हय?”

इतके दिवस हा प्रश्न त्यांनी पोटात ठेवला होता. अल्ताफला विचारला नाही, कारण तो काकाची बाजू घेणार. मी तोंडानं काही सांगायच्या भानगडीत पडले नाही. बाहेर गेले, जीपच्या मागच्या बाजूनं पुठ्ठा काढून आणला. जुने डाग पडलेला पहिला पुठ्ठा मी केव्हाच जाळला होता. ती चिंधी निघाल्याच्या संध्याकाळी हा नवा पसरला होता आणि सवयीनं जाईन तिथं बरोबर नेत होते. तो भाभींच्या मांडीवर ठेवला. धूळ होती, टायरची थोडी माती होती, एका कोपऱ्यावर औषधाचं अर्धं छापील नाव होतं. भाभींनी त्यावरून हळूच तर्जनी फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ती तर्जनी वर करून माझ्या नाकासमोर धरली.

“कोरडं हाय,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पुठ्ठा परत द्यायच्या ऐवजी उठल्या आणि कपाटाच्या मागं, भिंतीला लावून, नीट उभा करून ठेवला. मी मागितला नाही.

आता जीपखाली मी काही पसरत नाही.